झेंडूचा हार आणि दहा नावं

मी ऑपरेटिंग सिस्टीम बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, मी दिसायची नाही. टेबलाखाली तो काळा डबा आहे ना, त्याच्या आत मी नांदते. काम झटपट झालं की लोक म्हणतात, "कॉम्प्युटर फास्ट आहे हं!" आणि अडलं की, "सिस्टीम हँग झाली." म्हणजे कौतुक त्याचं आणि खापर माझ्या माथी.

सहा वर्षांपूर्वी यशराजने रावपुऱ्यातल्या दुकानातून हा डबा हरणी भागातल्या फ्लॅटमध्ये आणला आणि पेनड्राइव्हमधून मला त्यात उतरवलं. आत पाहते तर एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. प्रोसेसर भलता चपळ, पण सांगितल्याशिवाय काडी हलवायचा नाही. मेमरी हुशार, सगळं हाताशी धरते. पण वीज गेली की पाटी कोरी. डिस्क संथ, मात्र तिच्याकडे दिलेलं वीज गेली तरी टिकतं. प्रिंटरची भाषाच निराळी, त्याच्याशी बोलायला ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो. या सगळ्यांना कामं वाटून द्यायची आणि भांडणं होऊ द्यायची नाहीत, हा माझा संसार.

पुढे यशराजने लॅपटॉप घेतला आणि मी त्याच्या वडिलांच्या, उदयसिंहरावांच्या वाट्याला आले. वय चौऱ्याहत्तर, टायपिंग एका बोटाने. माणूस शिस्तीचा, पण एक खोड आहे. पान पुरं झाल्याशिवाय सेव्ह करत नाहीत. "अर्धवट काम कपाटात ठेवायचं नसतं," म्हणतात. आपोआप सेव्ह होण्याची सोयसुद्धा त्यांनी बंद करून टाकली. मी काय बोलणार?

वर्षभर ते घराण्याची वंशावळ लिहीत होते. पुरुषांची नावं संस्थानच्या फौजेच्या जुन्या कागदांत सापडली. सुनांची मात्र सासरचीच नावं होती. लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे माहेरची नावं कुठेच लिहिलेली नव्हती. ती ठाऊक होती एकट्या गंगाबाईंना. या त्यांच्या थोरल्या बहीण, पादरा गावी असतात, वय सत्त्याऐंशी.

यंदा खंडेनवमीला त्या आल्या. त्या दिवशी या घरात पणजोबांच्या तलवारीची पूजा होते. "हल्लीचं हत्यार हेच," म्हणत उदयसिंहरावांनी मलाही हळदकुंकू लावलं, झेंडूचा जाडजूड हार घातला, वर जरीचा शेला पांघरला. खरं सांगते, मी हरखून गेले. सहा वर्षांत माझ्यापुढे पहिल्यांदा कोणी हात जोडले होते!

मग गंगाबाई खुर्ची ओढून बसल्या. "लिही उदय. आज आठवतंय, उद्याचं मी सांगत नाही. साळूबाई म्हणजे माहेरची चिमा. आनंदीबाई म्हणजे ठकू..."

एकेक करत दहा नावं झाली. दहाही फक्त मेमरीत. आणि शेला आला होता बरोबर डब्याच्या जाळीवर! आत वाऱ्याची झुळूक येईना. उष्णता मोजणारा सेन्सर मला सारखा आकडे कळवत होता. मी पंखा जोरात पळवला, प्रोसेसरला म्हटलं, "हळू चाल बाबा." तरी आकडा चढतच होता. अजून थोडं तापलं, की तो प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच वीज तोडतो, मला विचारतही नाही. मी घाबरले होते.

प्रोसेसर मंदावला तशी अक्षरं उशिरा उमटू लागली. उदयसिंहराव वैतागले. "अटकलं वाटतं. एकदा बंद करून चालू केलं की झालं," असं म्हणून त्यांचं बोट थेट पॉवरच्या बटणाकडे!

"आबासाहेब, हात नका लावू!" यशराजची बायको मृदुला स्वयंपाकघरातून धावत आली. "पंखा केवढा ओरडतोय!" तिने शेला ओढला, हार उपसला, खोलीभर पाकळ्या झाल्या. मग दोन कळा दाबून तिने सेव्ह केलं. दहाही नावं मी डिस्कच्या हवाली केली आणि सुटले.

"शुं थयुं?" उदयसिंहरावांच्या तोंडून गुजरातीच निघालं. "झालं काय? पूजा केली त्यात बिघडलं काय?"

"पूजा करा हो, पण बिचाऱ्या डब्याचं नाक तरी उघडं ठेवा."

गंगाबाई पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "आता आईचं लिही."

"रखमाबाई. ते आहे की आक्का."

"ते इथलं. माहेरी ती मैना होती."

उदयसिंहरावांचं बोट कळांवर थांबलं. चौऱ्याहत्तर वर्षांत आईचं हे नाव त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांनी ते सावकाश लिहिलं. पान अजून अर्धं रिकामं होतं.

"मृदुला," ते म्हणाले, "ते सेव्ह कसं केलंस, मला दाखव."

मंडळी, सणाला हार खुशाल घाला, जाळी तेवढी मोकळी सोडा. दिवाळीनंतर माझ्या जागी नवी सिस्टीम टाकायची म्हणतो यशराज. टाकू दे. डिस्क तीच राहणार आहे आणि तिच्यावर मैना आहे. शेजारी जागाही पुष्कळ आहे. तुमच्या घरात अशी जुनी नावं सांगणारं कोणी असेल, तर आजच विचारून घ्या.