दुर्गाबाईंची पट्टी

मी ऑर्गन बोलतोय. संगीत नाटकाचा, पायाने भाता मारायचा. मला पेटी म्हणू नका. पेटी जमिनीवर बसते. माझ्यापुढे माणसाला खुर्ची लागते.

जन्म विलायती, पण आवाज फुटला दुर्गाबाईंच्या नाटक कंपनीत. बाईंनी पद संपवलं की लोक वन्समोर मागत. वन्समोर बाईंना, दम मला.

कंपनी बुडाली. बाई मला घेऊन चिंचवडला आल्या आणि पोरींना गाणं शिकवू लागल्या. शिकवताना फार रागावत. पोरी तरी येतच.

वय झालं, बाईंचा आवाज उतरला. त्या म्हणत, थंडी बाधलीय. चैत्रातही बाधायची. माझे वादक ज्योतीराम शहाणे. ते पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, गुपचूप खाली धरत गेले. काळी पाचवरून काळी दोनवर आले. बाई ऐटीत सांगत, "अजून काळी पाचला गाते." ज्योतीराम मान डोलावत. दोघांनाही ठाऊक होतं. बोलायचं कोणी?

छप्पन साली चाकणकरांनी बाईंचा सत्कार ठरवला. मला बैलगाडीत घालून नेलं. माझी हाडं खिळखिळी झाली. बाईंनी कळवलं होतं, मी गाणार नाही, माझी रतन गाईल. बाईंकडे शिकणारी ही रतन चाकणचीच. तिचा बाप गेनबा, कांद्याचा शेतकरी. त्याने बजावलं होतं, चारचौघांत हसू झालं तर गाणं बंद.

शाल झाली, नारळ झाला, भाषणं तर संपेनात. मग रतन उभी राहिली. ज्योतीरामांनी सवयीने बाईंचीच पट्टी धरली. पोरीचा कोवळा आवाज खालीच बुडाला.

"गातीया का पुटपुटतीया?" मागून कोणी म्हणालं. मांडव हसला. गेनबा उठून चपला शोधू लागला.

बाई नारळ सांभाळत उभ्या राहिल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ज्योतीराम, ही माझी पट्टी झाली. माझा आवाज कधीच उतरलाय. पोरीला काळी पाच द्या."

 ज्योतीरामांचं बोट वर सरकलं. रतनचा सूर असा चढला की मी दम पुरवता पुरवता थकलो. वन्समोर आला. गेनबा चपलांपाशीच खाली बसला. शेजारच्याला म्हणाला, "माझी हाय ती."

आता माझ्या भात्याला ठिगळ आहे, चार सूर मुके आहेत. दुरुस्तीला कोणी धजत नाही. बाई जाऊन वर्षं झाली, पण मला कोणी उघडलं की दुर्गाबाई मागे उभ्या राहून बघतात. माझ्यापुढे बसणाऱ्यांनो, एवढंच ऐका. आधी गाणाऱ्याला गाऊ द्या. मग बोट ठेवा.