सुईणबाईंचं पुस्तक

"शिफारसपत्राशिवाय आत सोडता येत नाही, मावशी," गठ्ठेमामा तिसऱ्यांदा म्हणाले, आणि त्यांना स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला.

देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कायद्याने या ग्रंथालयात यायची. त्या प्रतींचे गठ्ठे उघडून नोंदी करण्यात मामांची एकतीस वर्षं गेली होती. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

म्हातारी हलली नाही. "आई सुईण होती माझी. ती सांगत गेली, शाळेतल्या मास्तरांनी लिहून घेतलं, छापून आणलं. घरातली प्रत पुरात गेली. आता असलं तर तुमच्याकडेच."

मामा साहेबांकडे गेले.

"ती काय संशोधक आहे?" साहेबांनी फाइलमधून मान वर केली नाही.

"कायद्यात 'लोकांसाठी' लिहिलंय, साहेब. शिफारसपत्र आपण घुसडलंय."

"मग तुमच्या जबाबदारीवर. आणि शोधायचंही तुम्हीच."

तळघराचा जिना चढून-उतरून गुडघे बोलायला लागले की मामा गप्प बसतील, असा साहेबांचा हिशेब. गुडघे बोललेच. म्हातारीने सांगितलेल्या सालचे गठ्ठे नोंदीविनाच पडले होते. दोन दिवस मामा धूळ खात राहिले आणि संध्याकाळी म्हातारीला "उद्या या" सांगत राहिले. ती येत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. चाळीस पानं, करंगळीहून बारीक. पानांच्या कडासुद्धा कापलेल्या नव्हत्या. छापल्यापासून ते कुणी उघडलंच नव्हतं. गठ्ठ्यावर चिठ्ठी होती: 'किरकोळ. सवडीने पाहणे.' अक्षर मामांचंच होतं. तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची.

ते पुस्तक घेऊन जिना चढले.

वाचनकक्षात त्यांनी एकेक पान जपून कापलं आणि पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. तिने त्यावरून हात फिरवला; नुकत्याच कापलेल्या खडबडीत कडा तिच्या बोटांना लागल्या.

"तुमच्या हातून उशीर झाला का काही?" त्यांचा चेहरा न पाहताच तिने विचारलं.

"झाला, मावशी. माझ्याच हातून."

"मग आता तुम्हीच वाचा. मला अक्षर दिसत नाही."

भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलं होतं. मामांनी घसा खाकरला.

"'घरात शिरल्यावर आधी हात धुवावेत. मग बाईला तिचं नाव विचारावं. त्या गडबडीत तिला नावाने कुणी हाक मारलेली नसते.'"

पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी वर पाहिलं.

"जरा सावकाश," म्हातारी म्हणाली. "ती सावकाश बोलायची."

मामांनी बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं.