पांढरी वाट

"ज्याने ही टोपली इथे रोवली ना, त्याला आधी पाण्यात उभं करावं," आई लेकीच्या कानाशी पुटपुटली. तिच्या सँडलमधून चिखल वर येत होता. "आणि घोट्यापर्यंत नको. चांगलं कमरेपर्यंत."

टोपली रोवणारा दहा पावलांवर उभा होता आणि गेली एक्केचाळीस वर्षं तिचाच नवरा होता, म्हणून आवाज एवढा खाली.

खेळ तसा सोपा. गोल्फच, पण काठी नाही की चेंडू नाही. हातात थाळीएवढी प्लास्टिकची तबकडी घ्यायची, भिरकावायची आणि लांबच्या खांबाला लटकणाऱ्या साखळ्यांवर आदळून खालच्या टोपलीत पाडायची. अशा नऊ टोपल्या, म्हणजे नऊ टप्पे. कमी फेकींत संपवेल तो जिंकला.

बाबांनी जन्मभर कचेरीत बसून नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांपूर्वी या खेळाच्या क्लबने त्यांना नदीकाठचा हा पट्टा आखायला दिला, तेव्हा घरात पुन्हा तासलेल्या पेन्सिलींचा वास दरवळला होता.

मैदान देखणं, यात वादच नाही. नदी इथे झोपेत कूस बदलावी तशी वळते. दुपार कलली की उन्हाचं पाणी होतं, पाण्याचं ऊन होतं, आणि लव्हाळ्यांतून चालणारी माणसं जमिनीला न टेकता तरंगल्यासारखी वाटतात. फक्त खेळायला लागलं की पंचाईत. दुसऱ्या टप्प्याची तबकडी चौथ्यावर उभ्या असलेल्यांच्या टाळक्यावरून जाते. पाचवी टोपली ऐन झाडाच्या बुंध्यामागे, रुसून बसल्यासारखी. आणि ही सातवी, पाण्यापासून जेमतेम दोन हात. हात जरा सैल सुटला की तबकडी गंगार्पण. बाबा प्रत्येकाला विचारायचे, "काय, कसं वाटलं मैदान?" लोक म्हणायचे, "नदी काय सुंदर आहे हो." बाबा ते स्वतःच्या खात्यावर जमा करायचे.

परवा क्लबच्या सेक्रेटरीने त्यांना आणखी नऊ टप्पे आखायला सांगितलं. भिडेपोटी सांगितलं असणार, पण बाबा तेव्हापासून वीस वर्षांनी लहान झाले होते. आजही काखेत कागदाची गुंडाळी होती. त्यावरच्या रेघा जाड मार्करने ओढलेल्या. पूर्वी केसाएवढ्या रेघेसाठी सहकाऱ्यांशी भांडणारा माणूस.

लेकीने त्या रेघा सकाळीच पाहिल्या होत्या आणि कपाळावरच्या बटेसारख्या मागे सारल्या होत्या. तिचं चष्म्यांचं दुकान. दिवसाला वीस माणसांना खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायला लावायचा, खालची ओळ वाचायला सांगायची. "पुसट दिसतं? कधीपासून? मग इतके दिवस काय केलंत?" परक्यांना असं विचारताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती. बाबांना मात्र तिने वर्षापूर्वी एकदा म्हटलं होतं, "येऊन जा ना दुकानात." ते म्हणाले, "माझा नंबर मला पाठ आहे." विषय मिटला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, ऐसपैस पाय पसरून बसलेला.

ते हल्ली मान तिरकी करून बघत. मान धरली आहे म्हणत. आई त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवी. म्हणे, मलाच आवडतं. आणि जावई, बिचारा सरळ माणूस, फेकीआधी टोपलीपाशी जाऊन साखळ्या खुळखुळवी. म्हणे, मजा येते. बाबा त्या आवाजावर तबकडी सोडत. कुणी कुणाला काही शिकवलं नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या मनाने एकच नाटक बसवलं होतं.

"बापू, वाजवा जरा," बाबा म्हणाले.

जावयाने साखळ्या हलवल्या. बाबांनी मान कलती केली, हात मागे नेला आणि सोडला. तबकडी सुटली ती कुणी न बोलावता निघालेल्या पाखरासारखी. उन्हात क्षणभर टांगून राहिली, टोपलीवरून अलगद गेली आणि आवाजही न करता पाण्यावर टेकली. गोल गोल फिरत वाहू लागली. खूप सावकाश, जणू तिला कुठेच जायचं नव्हतं.

आईने तोवर पुढे होऊन छत्रीचं टोक साखळ्यांवर मारलं होतं. छन्न.

"बसली," जावई म्हणाला, आपल्या बुटांकडे बघत. "एकाच फेकीत."

बाबा हसले. तसं हसू लेकीने त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि तेच तिला सोसवेना.

"तुला गंमत सांगतो," ते तिच्याकडे वळून म्हणाले. "पहिल्या दिवशी इथे उभा राहिलो ना, तेव्हाच ही पांढरी वाट दिसली. उन्हात लख्ख. म्हणून टोपली अगदी वाटेच्या कडेला घेतली, माणसांना बरं पडेल. लोक या वाटेने का जात नाहीत, देव जाणे. नवे नऊ टप्पे मी हिच्याच बाजूने नेणार आहे."

त्यांचं बोट जिकडे होतं तिकडे तिने पाहिलं. तिथे नुसती नदी होती, ऊन पांघरून पडलेली.

पहिल्या दिवशी. म्हणजे तीन वर्षांपूर्वीच. तिने डोळे मिटले आणि सगळं मैदान मनातल्या मनात पुन्हा चालून आली. बुंध्यामागची पाचवी, टाळक्यावरून जाणारी दुसरी. ती ज्याला वाईट आखणी समजून दर रविवारी हसत होती, तो तिच्याच दुकानातला तक्ता होता. नऊ ओळींचा, नदीकाठी मांडलेला. बाबांना एकही ओळ धड वाचता आली नव्हती, आणि तपासणारी हातात तबकडी घेऊन शेजारून निघून गेली होती.

"चला, दाखवतोच," म्हणत बाबा निघाले. कागदाची गुंडाळी काखेत, पाऊल भरवशाचं. सरळ पाण्याकडे.

"अहो, चपला खराब होतील," आई म्हणाली.

"बाबा, आधी चहा घेऊ या का?" जावई म्हणाला.

लेकीने पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं. त्यांच्या पायाखालचं गवत ओलं झालं होतं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. मान तिरकी करून ते तिच्या चेहऱ्याऐवजी कानापलीकडे कुठेतरी बघत होते. "सोड. चार पावलांवर तर आहे."

आईची छत्री साखळ्यांपाशी तशीच अधांतरी राहिली. लेकीने आपला दुकानातला आवाज शोधला. तो सापडेना, तेव्हा जो होता त्याच आवाजात ती म्हणाली,

"बाबा, तिथे वाट नाही. ती नदी आहे. तुम्हाला दिसत नाही."