कारैकुडीचा तीन वाजताचा पोपट

सांगतो ते तुम्हाला खरं वाटायचं नाही, तरी सांगतो. बहरीनला येऊन मला एकतीस वर्षं झाली. त्यातली अठ्ठावीस मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, एकाच ट्रॅव्हल एजन्सीतल्या एकाच खुर्चीत गेली. आणि त्या खुर्चीतून न उठता मी तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या झाडून सगळ्या हवेल्या आतून पाहिल्या.

हवेल्या म्हणजे चेट्टियार व्यापाऱ्यांची घरं. खांब ब्रह्मदेशच्या सागाचे, गिलाव्यात अंड्याचा पांढरा बलक, म्हणून भिंती आरशासारख्या. पुढच्या दारातून हाक मारली तर मागच्या दाराशी पोचेपर्यंत हाक दमते. सागाचं आणि अंड्यांचं माहितीपुस्तकात आहे. हाकेचं माझं.

पंचाण्णव सालच्या नोव्हेंबरात विवेक आला. ईसा टाउनला राहायचा, बँकेत हिशेबाच्या कामाला. बरोबर बायको नीला आणि आई. आईंना आम्ही सगळेच माई म्हणायचो. माईंचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलं होतं, आणि डॉक्टरांनी हमी दिली नव्हती.

"हमीदभाई," माई म्हणाल्या, "जानेवारीनंतर दिसेल की नाही ठाऊक नाही. त्याआधी मला मदुराईची मीनाक्षी बघायची आहे. बाकी तुम्ही दाखवाल ते."

विवेकला रजा दहा दिवसांची. त्यात मुंबई, पुणे, नातेवाईक. दक्षिणेला दीड दिवस उरला. मी माईंसाठी ठळक मार्करने, बोटाएवढ्या अक्षरांत प्रोग्राम लिहिला. मुक्काम कारैकुडीला. सकाळच्या गारव्यात हवेल्या. मग मोटारीने मदुराई, दोन तासांचा रस्ता. दुपारी देवळात गर्दी नसते, माईंना धक्काबुक्की नको, असा माझा विचार. चारला मदुराईतून निघून परत कारैकुडी, कारण मद्रासची गाडी संध्याकाळी तिथूनच. कागद माईंच्या हातात, कार्बन कॉपी माझ्या खणात.

तिकिटं न्यायला ती मंडळी पुढच्या आठवड्यात परत आली. चहा मागवला होता, तो यायला वेळ लागला, आणि रिकामा वेळ मला सोसत नाही.

"माई, त्या मोठ्या हवेलीत चौकाभोवती बेचाळीस खांब आहेत," मी म्हणालो. "त्यातल्या एकावर सुताराने पोपट कोरलाय, पाठमोरा. एरवी दिसत नाही. दुपारी बरोबर तीनला उन्हाची तिरीप चौकात उतरते, तेव्हा पंधरा मिनिटं दिसतो. मी पाहिलाय."

"पाठमोरा का?" नीलाने विचारलं.

"मालकाने मजुरी कमी दिली म्हणून."

विवेक हसला. माई हसल्या नाहीत. "तीनला," एवढंच म्हणाल्या. चहा आला आणि मी पोपट विसरून गेलो. माझ्या थापा मी लक्षात ठेवत नाही, नवीन सुचत नाहीत मग.

डिसेंबरच्या मध्यावर मंडळी गेली. ज्या दिवशी ती मदुराईत असणार त्याच दिवशी सकाळी जयप्रकाश आला. आमच्या गल्लीत त्याचं इडलीचं दुकान, गाव मदुराईच्याच बाजूचं. त्याला खूश करावं म्हणून मी कार्बन कॉपी काढून पुढे धरली. मराठी अक्षरं त्याला लागेनात, म्हणून मीच हिंदीत वाचून दाखवली.

"साडेबारा बजे?" तो म्हणाला. "हमीदभाई, साडेबारा से चार मंदिर बंद रहता है. भगवान आराम करता है."

"रोज?"

"रोज. आपका सूक भी तो एक से चार बंद रहता है."

इतकी वर्षं मी स्वतः रोज दुपारी एकला शटर ओढून घरी झोपायला गेलो. देव माणसापेक्षा जास्त तास ड्यूटी करत असेल असं मी कशावरून धरलं, मला सांगता यायचं नाही. आमच्या दापोलीकडची देवळं मी बाहेरून पाहिलेली. दुपारी तिथे पुजारी पायरीवर पेंगत असायचा, दार उघडंच असायचं.

साडेबाराला दार बंद होणार, चारला उघडणार. आणि चारला मी त्यांना परत निघायला लावलं होतं. माईंचा एकच डोळा, त्यालाही पंधरा दिवसांची खात्री, आणि मी तो डोळा एका बंद दरवाजासमोर नेऊन उभा केला होता.

कारैकुडीच्या लॉजला फोन लावला. अकराव्या खेपेला लागला. मॅनेजर म्हणाला, पार्टी सकाळीच मोटारीतून गेली. कुठे, ते त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, मीच लिहिलं होतं.

त्या दिवशी दुपारी शटर ओढलं, पण झोप कुठली. नसीबाने ताट वाढलं. तिने माझ्याशी संसार केलाय तो माझा एक शब्द खरा न धरता.

"आज जेवण जात नाय?" तिने विचारलं. "कोणाला खरं बोलून बसलात काय?"

पुढचे सहा दिवस दुकानाचं दार वाजलं की मी खाली वाकून खण आवरायला घ्यायचो. सातव्या दिवशी वाकायच्या आधीच माई आत आल्या. त्यांनी काउंटरवर एक पुडी ठेवली, कुंकवाची.

"देवी हिरवी आहे, हमीदभाई," त्या म्हणाल्या. "हिरव्या दगडाची. नाकातली चमकी लांबून दिसली मला. या डोळ्याने."

माझा जीव भांड्यात पडला. कसं जमलं ते विवेकनेच सांगितलं. लॉजवर सकाळी उठल्याबरोबर माईंनी हट्ट धरला, पोपट तीनला दिसतो तर हवेली तीनलाच बघायची. मग मोटार आधी मदुराईला काढली. नऊला देवळात, साडेअकरापर्यंत मनसोक्त दर्शन, तळ्याकाठी बसून गोपुरावरचे रंग बघणं, आणि परत येऊन तीनला हवेलीच्या चौकात.

"पोपट?" मी विचारलं.

"दिसेल म्हणून चारपर्यंत बसलो," विवेक म्हणाला. "तिथल्या रखवालदाराने आम्हाला खुर्च्या दिल्या."

जानेवारीत ऑपरेशन झालं. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी विवेकने जेवायला बोलावलं. नसीबा होती, जयप्रकाश होता, बँकेतली चार माणसं होती. माई कोपऱ्यातल्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसल्या होत्या. ऑपरेशनबद्दल विचारायचा धीर मला झाला नव्हता. आमटीभाताच्या वेळी कोणीतरी दक्षिणेची गोष्ट काढली, आणि नऊ माणसं गप्प ऐकतायत म्हटल्यावर मला राहवलं नाही.

"दक्षिणेची देवळं दुपारी बंद असतात, हे मला तीस वर्षं माहीत आहे," मी म्हणालो. जयप्रकाशने वर पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. "पण सरळ सांगितलं तर माणसं ऐकत नाहीत. म्हणतात, वाटेत हवेली आहे, आधी ती उरकू. म्हणून मी पोपट घातला. पोपट तीनला म्हटलं की देऊळ आपोआप सकाळी. सगळं आधीच ठरवलेलं होतं."

"कमाल आहे," बँकेतला एक जण म्हणाला.

"अनुभव," मी म्हणालो.

माईंनी शेजारच्या टेबलाचा खण उघडला. चौपदरी घडीचा एक कागद काढला, काळा चष्मा कपाळावर सरकवला, कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि एकेक शब्द सावकाश वाचला.

"'सकाळी आठ. हवेल्या. दुपारी साडेबारा ते चार. मीनाक्षी मंदिर. निवांत.'" मग त्यांनी माझ्याकडे थेट बघितलं. "सपशेल खोटं बोलताय, हमीदभाई. अक्षर तुमचंच आहे, आणि मला स्वच्छ दिसतंय."