नेहमीसारखं वाटतंय ना?

या, जरा पुढे सरून बसा. मागे बसून कानाला ताण कशाला द्यायचा? एका आईची गोष्ट सांगतो, आणि तिनेच लिहिलेल्या एका प्रश्नाची.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, नदीकाठच्या एका शहरात, मुलांच्या दवाखान्यात, दर मंगळवारी सकाळी साडेसातला बैठक भरते. डॉक्टर, नर्स, आहार ठरवून देणाऱ्या बाई, आणि त्यांच्याच टेबलाशी दोन आजारी मुलांच्या माता. त्या पाहुण्या म्हणून नाहीत, बरोबरीने कामाला असतात. असे कितीतरी दवाखाने आपले आकडे एकत्र मांडतात. किती मुलांच्या आतड्यांची सूज शांत आहे, कशाने झाली. एकाला जमलं की बाकीचे उचलतात. व्हर्लीन प्रूइट तीन वर्षं तिथे बसत होती, कारण तिच्या बारा वर्षांच्या कोरिंथियाला क्रोन्स होता. हा आजार आतडं आतून सोलून काढतो. एकदा पोरीचं वीतभर आतडं कापावं लागलं होतं.

त्या मंगळवारी व्हर्लीनला बसवेना. खुर्ची ओढली, उठली, कॉफी ओतली, न पिताच ठेवून दिली.

"अगं, बुडाखाली मुंग्या आहेत का?" नर्स ओपल म्हणाली. दोघी एकाच चर्चच्या गायनमंडळातल्या, तेव्हा तोंडाला कुलूप कसलं? "पाद्रीबाबा प्रवचन गायला लागतात तेव्हासुद्धा इतकी हलत नाहीस तू."

"तेव्हा देव बोलत असतो. आता डॉक्टर बोलणार."

डॉक्टर फेल्डकॅम्प हसले. त्यांच्यामागे भिंतीवर आलेखाची रेघ चढत गेली होती. शंभरातली ब्याऐंशी मुलं शांत. पुढच्या महिन्यात सगळ्या दवाखान्यांच्या मेळाव्यात तो आलेख दाखवायचा होता.

"कोरिंथिया," ते यादी वाचत म्हणाले. "सलग चार भेटी शांत. रक्तही ठीक. तपासणीसाठी शौचाच्या नमुन्याची डबी दोनदा आणली नाही, पण तब्येत चांगली आहे. सलाईनमधून द्यायचं औषध सहाऐवजी आठ आठवड्यांनी देऊ. आजपासूनच."

व्हर्लीनला सकाळचा रस्ता आठवला. सकाळी येताना दोन पेट्रोलपंपांवर गाडी थांबवावी लागली होती. दोन्हीकडे पोरगी पळत बाथरूमला गेली होती. "बरं आहे ना गं?" विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हो ममा. नेहमीसारखं."

"पोरीने आल्यावर भरलेला तो कागद दाखवता?" व्हर्लीनने हात पुढे केला.

कागदावर पहिलाच प्रश्न होता: आज नेहमीसारखं वाटतंय ना? पुढे कोरिंथियाच्या गोल अक्षरात: हो.

प्रश्न व्हर्लीनचाच. पूर्वी तिथे 'दिवसातून किती वेळा, रक्त पडतं का' असे रकाने होते आणि मुलं लाजून ते कोरे सोडत. व्हर्लीनच म्हणाली होती, घरच्यासारखं विचारा की लेकरांना. कागद भरून येऊ लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणखी अकरा दवाखान्यांनी तो प्रश्न तसाच उचलला होता.

"डॉक्टर, प्रश्न चुकलाय," ती म्हणाली. "माझा प्रश्न. तीन वर्षं रोज पोट दुखणाऱ्या लेकराचं नेहमीचं काय असतं, हे मी विचारलंच नाही."

आहारवाल्या बाईंनी डोक्याला हात लावला. "मेळाव्याला तीन आठवडे राहिलेत, व्हर्लीन! आता सगळे आकडे पुन्हा मोजायचे?"

"मेळाव्याला जेवण चांगलं द्या, आलेख कुणी बघणार नाही," ओपल पुटपुटली. पण हसलं कुणी नाही.

डॉक्टरांनी व्हर्लीनच्या हातून कागद घेतला. मग म्हणाले, "आधी तिला विचारू. औषधाचं नंतर."

तपासणीच्या खोलीत कोरिंथिया पाय हलवत बसली होती. व्हर्लीन दाराशी थांबली. ओपल स्टूल ओढून पोरीसमोर बसली.

"काय गं राणी, तुझं नेहमीचं म्हणजे किती वेळा?"

"सहा. शाळा असली तर चार."

"शाळेत कमी कसं?"

"तिथे मी जेवत नाही ना."

व्हर्लीनने चौकट घट्ट धरली.

"रक्त?"

"कधीकधी. सकाळचं."

"मग हे कागदावर का नाही लिहिलंस? आणि डबी का नाही दिलीस?"

"विचारलं कुठे होतं?" पोरगी चिडली. "नेहमीसारखं वाटतंय ना, असं विचारलं होतं. वाटतंच होतं." मग खाली बघत, "आणि प्रश्न ममाचा आहे. तिला 'हो' हवं असतं. डबी दिली असती तर कळलं असतं."

व्हर्लीन खोलीत आली. पोरीचे हलणारे पाय तिने दोन्ही हातांत धरले. "मला 'हो' नको गं बाळा. मला तू हवीस."

"ममा, सोड, गुदगुल्या होतात."

डबी त्याच दिवशी दिली गेली. गुरुवारी निकाल आला. सूज चालते त्याच्या पाचपट. आठ आठवड्यांचं बाजूलाच राहिलं. औषध चार आठवड्यांवर आलं. वाट बघितली असती तर पुन्हा सुरीच होती, असं डॉक्टर स्वतः म्हणाले.

मग त्या अकरा दवाखान्यांना प्रश्न चुकल्याचं पत्र गेलं, त्याखाली व्हर्लीनने स्वतःचं नाव घातलं. 'हो' लिहिणाऱ्या इथल्या सगळ्या मुलांना फोन लावायचे ठरले. ती आणि ओपल दुपारच्या दुपारी बसल्या. भिंतीवरची रेघ एकाहत्तरला उतरली. डॉक्टरांनी ती तशीच मेळाव्याला नेली.

एक फोन मात्र लागला नाही. नदीपलीकडची डेल्फीन, नऊ वर्षांची. नंबर बदललेला, घर बदललेलं. व्हर्लीन अजूनही सकाळी कामावर जायच्या आधी शाळांना फोन करते, नाव सांगते, थांबते, पुढची शाळा लावते.

तर मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा एवढं करा. त्या डेल्फीनची आठवण ठेवा. कुठेतरी कुणी तिला विचारत असेल, आणि ती 'हो' म्हणत असेल.