उतरत्या पाण्याची घंटा

या, असे जवळ सरका. कोपऱ्यातल्या आजी, तुम्हीही पुढे या. तुमच्यावाचून भिंत काही पडत नाही. आज एक गोष्ट ऐकवायची आहे आणि ती रागाची आहे. देवाचं नाव घेऊन बसलोय म्हणून सगळं गोडच बोलावं असं थोडंच आहे? त्याने दिलेल्या पाण्याचं आपण काय करतो ते पाहून त्यालाही कधीतरी चीड येत असेलच की!

एक धरण होतं. धरणाच्या माथ्यावर काचेची खोली, खोलीत खटक्यांचा लोखंडी फळा आणि फळ्यासमोर ताई. धरणाचे दरवाजे वरखाली करणं हे तिचं काम. तळं एकच, पण हक्क सांगणारे तीन. वीजघराच्या साहेबांना संध्याकाळच्या दिव्यांसाठी पाणी राखून हवं. ताईचा धाकटा भाऊ बारक्या खालच्या नदीत पाहुण्यांना होड्यांतून फिरवायचा. त्याला सुट्टीच्या दुपारी उसळतं पाणी हवं. आणि ताईचे सासरे, मामंजी, जन्मभर मासे धरलेले. त्यांचं मागणं एवढंच, की पाणी उतरवाल ते सावकाश उतरवा.

का सावकाश? पाणी चढलं की मासा काठाच्या उथळ गोट्यांत शिरतो. पाणी हळू ओसरलं, तर तोही मागे सरकत धारेत परततो. दरवाजा खाडकन पडला की बिचारा डबक्यात अडकतो आणि डबकं आटतं. त्यात ते दिवस माद्यांनी अंडी घालण्याचे. एक मादी मेली की तिच्या पोटातलं सगळं गोकुळ गेलं.

तिघांनी बैठकीत मान डोलावली होती: आधी होड्या, मग टप्प्याटप्प्याने उतार, मग वीज. तरी मामंजींच्या जिवाला घोर. दर सुट्टीला ते आपल्या जुन्या सोबत्यांना घेऊन नदीच्या वळणावर टोपल्या मांडून बसायचे. मासा अडकलाच, तर उचलून धारेत सोडायचा.

त्या दिवशी बारक्याचा फोन आला. “ताई, अजून एक फेरी गं! मंडळी लांबून आलीत.”

“वेळ झाली, बारक्या.”

“सख्ख्या भावाला घड्याळ दाखवतेस? एकच!”

ताईने दिली. पाठच्या भावाला नाही म्हणणं तिला कधी जमलंच नाही. मग अजून एक दिली. उन्हं तिरपी झाली आणि दुसरा फोन खणखणला.

“दरवाजा बंद करा,” वीजघराचे साहेब म्हणाले. “आत्ता, पूर्ण.”

“करते साहेब, पण टप्प्याने.”

“टप्प्यांचा वेळ तुमच्या भावाने खाल्ला, बाई. शहरात अंधार झाला तर काय तुमचे मासे दिवे घेऊन फिरणार?” पलीकडे कुणीतरी फिदीफिदी हसलं.

ताईने तळ्याच्या मोजपट्टीकडे पाहिलं. पाणी खरंच फार खाली गेलं होतं. साहेब खोटं बोलत नव्हते, म्हणून तर तिच्या अंगाचा अधिकच तिळपापड झाला. साहेबांचा राग, बारक्याचा राग आणि त्या दोन फेऱ्या देणाऱ्या स्वतःच्या लाडिक जिभेचा राग. तिने दात आवळून खटका ओढला. दरवाजा घरघरत खाली येऊ लागला.

मामंजींना कळवायला हवं होतं. पण फोन पाण्यात पडेल म्हणून ते तो घरीच ठेवायचे. ताईने इकडेतिकडे पाहिलं आणि रागाच्या तिरमिरीत फळ्यावरच्या भोंग्याच्या बटणावर मूठ आपटली. वाजू दे! ऐकू दे त्यांना, धावू देत टोपल्या घेऊन!

भोंगा खोरंभर घुमला. ताई काचेला नाक लावून बघत राहिली.

वळणावरचे म्हातारे टोपल्या टाकून टेकडीकडे पळत होते. आखडलेल्या गुडघ्यांचे मामंजी सगळ्यांत मागे, सोबत्याच्या खांद्याला धरून चढत होते. पळणारच! भोंगा म्हणजे पाणी चढतंय, जीव घेऊन वर पळा, हे इथे रांगत्या पोरालाही ठाऊक. पाणी उतरताना भोंगा आजवर कुणी वाजवलाच नव्हता.

सगळे टेकडीवर उभे राहून न येणाऱ्या लोंढ्याची वाट बघत राहिले. ताई दरवाजा बंद करून धावत, ठेचकाळत वळणावर पोचली तेव्हा कुठे ते खाली येत होते. डबकी आटली होती. गोट्यांवर चंदेरी तडफड चालली होती आणि ती एकेक करत थांबत होती. होतील तेवढे मासे ओंजळींनी, पदराने, टोपल्यांनी उचलले. फार थोडे वाचले.

“भोंगा कुणासाठी वाजवलास, सूनबाई?” मामंजींनी विचारलं. घरी दोघांपैकी कुणीच जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. मामंजींनी फडक्यातून एक मेलेली मादी काढली आणि चकचकीत टेबलावर ठेवली. पोट टम्म फुगलेलं.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. “हे काय, आजोबा? वास येतोय.”

“येणारच. तुमची कालची संध्याकाळ आहे ती.” मग ते बारक्याकडे वळले. “आणि ही तुझी शेवटची फेरी. सूनबाईचा भाऊ म्हणून लाड पुरवले तुझे सगळ्यांनी.”

बारक्याने मान खाली घातली.

“आणि माझा भोंगा,” ताई उभी राहत म्हणाली. मामंजींनी कालपासून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. “आजपासून उताराचा वेळ आधी बाजूला काढायचा. उरेल तो तुम्ही दोघं वाटून घ्या. दरवाजा मी पुन्हा खाडकन पाडणार नाही.”

“असं नियमात बसत नाही,” साहेब म्हणाले.

“मग नियम उठवा, बसवा, काय वाट्टेल ते करा. तोवर हा मासा इथून हलणार नाही.”

दुपारपर्यंत मासा हलला नाही. साहेबांनी सही केली. मासा पाहून पाझर फुटला म्हणून की वासाने, ते देव जाणे.

आता त्या काचेच्या खोलीबाहेर पितळेची मोठी घंटा आहे. चढत्या पाण्याला भोंगा, उतरत्याला घंटा. घंटा झाली की बारक्या पाहुण्यांचं न ऐकता होड्या काठाला लावतो, आणि टोपल्या वळणाकडे निघतात. आता त्या टोपल्यांत मामंजींची नाही, ते गेले. ताईने दरवाज्याचा खटका ओढण्याआधी आजही क्षणभर वळणाकडे बघायची सवय सोडलेली नाही.

तेव्हा बाबांनो, बायांनो, एवढंच करा. आज घरी जाऊन दिव्याचं बटण दाबाल तेव्हा हात जोडू नका, काही नको. आखडल्या गुडघ्यांनी टेकडी चढलेल्या त्या म्हाताऱ्याची आठवण तेवढी ठेवा.