पोट, डावी बाजू

ॲपमध्ये बाबांचा एकही डोस चुकलेला नव्हता आणि रक्तातली साखर काही खाली यायचं नाव घेत नव्हती. म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

ॲप त्यांच्या मुलीनंच आखलेलं, इन्सुलिन स्वतः टोचून घेणाऱ्यांसाठी. वेळ झाली की गजर वाजायचा. टोचल्यावर पडद्यावरच्या माणसाच्या चित्रात ती जागा दाबायची, की गजर बंद आणि नोंद घरच्यांच्या फोनवर. चाचणीतल्या दोनशे जणांत बाबांना तिनं मोठ्या हौसेनं घातलं होतं. आता मुलीलाच बापावर पाळत ठेवायची वेळ आली होती.

पहिला संशय गोड खाण्यावर. तिनं बाबांचे खिसे चाचपले, कपाट उपसलं. मोजपट्टी आणि खडूचे तुकडे सोडून काही मिळालं नाही. मग संशय औषधावर. नवीन आणून झालं, तरी साखर तिथंच. बाबा हे सगळं साळसूदपणे बघत होते, आणि तेच तिला खुपत होतं. जन्मभर शिंपीकाम केलेला हा माणूस, कुणी त्याच्या कात्रीला हात लावला तरी घर डोक्यावर घ्यायचा. तो खिसे तपासू देतो म्हणजे काय?

संध्याकाळी दोघं डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावून बसले. साडेसातला बाबांच्या खिशात गजर वाजला. एका हातातलं वर्तमानपत्र न सोडता त्यांनी फोन काढला आणि अंगठ्यानं काहीतरी दाबलं. लगेच तिचा फोन थरथरला. 'डोस घेतला. पोट, डावी बाजू.'

तिनं बाबांच्या पोटाकडे पाहिलं. शर्ट खोचलेला, पट्टा आवळलेला. ती काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला.

डॉक्टरीणबाईंनी ॲपमधल्या नोंदी पाहून मान डोलावली. "इतकं नियमित घेऊनही साखर उतरत नाही, म्हणजे डोस कमी पडतोय. अठराचे अठ्ठावीस युनिट करू."

बाबांनी एखाद्या दिवशी खरंच अठ्ठावीस टोचून घेतले, तर साखर धाडकन उतरून ते कुठंतरी कोसळतील.

"लिहू नका," ती म्हणाली. "त्यांनी आत्ता बाहेर नुसतंच बोट दाबलं. घेतलं काहीच नाही."

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"दीड महिना झाला," ते म्हणाले. "आधी नर्सबाई घरी येऊन टोचायच्या. तू ॲप आणलंस आणि त्यांना नको म्हणून सांगितलंस. मला नाही गं जमत. शिंपी असून सुईला भितो, हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि तुझा तो गजर, घेतलं म्हटल्याशिवाय गप्प बसत नाही."

तिला रडू आलं. गजर मध्येच बंद करता येऊ नये, हा आग्रह तिचाच होता.

डॉक्टरीणबाईंनी अठ्ठावीसवर काट मारली. पण पेन खाली ठेवलं नाही.

"याच ॲपवरच्या आणखी चौदा जणांचे डोस मी या महिन्यात वाढवलेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नोंदी चोख होत्या म्हणून."

तिनं फोन उचलला. "त्यांचे फोन नंबर सांगा."

"मला दे," बाबा म्हणाले. "तुम्हा दोघींना ते खरं सांगायचे नाहीत."